बनियनच्या कापडातले वीर

सुपरहिरोंच्या पोशाखांची क्रमवारी लावायचा अधिकार कोणाचा, असा वाद कधी निघालाच तर माझं मत कॉटन ग्रीनला. न्यूयॉर्ककर तावातावाने पुढे येतील, कारण यातले बहुतेक वीर तिथल्या कचेऱ्यांतून छापून बाहेर पडले. पण त्यांच्याकडे होते ते कागद आणि शाई. कापूस आमच्याकडे होता. 1920 च्या दशकात कुलाब्याचा कापूसबाजार शिवडीच्या अलीकडे आणून बसवला, तेव्हापासून हार्बर लाइनच्या या पट्ट्यात वखारी आणि कापसाच्या गाठी. स्टेशनातून पश्चिमेला उतरलं की काळाचौकी, पुढे लालबाग-परळ, आणि तिथे त्या कापसाचं सूत आणि सुताचं कापड करणाऱ्या गिरण्या. इथल्या माणसाला तुम्ही पोशाख म्हणून काही दाखवलंत तर तो घालणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाही. आधी कापड चिमटीत धरतो.

आमचे वडील गिरणीत साच्यावर होते. टाइम्स ऑफ इंडियाने मार्च 1964 मध्ये इंद्रजाल कॉमिक्स काढली आणि ती मराठीतही येऊ लागली. त्यातला एखादा अंक कुणाकडून तरी मागून आमच्या घरात आला की पोरांच्या आधी वडीलच तो हातात घ्यायचे. गोष्ट वाचायचे नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून अंक डोळ्यांजवळ न्यायचे, आणि जंगलातल्या मुखवटेवाल्या नायकाच्या, वेताळाच्या, दंडावर अंगठा फिरवायचे. कागदावर अंगठा फिरवून कापडाचा पोत कळत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं, पण हात ऐकायचा नाही. मग विचारायचे, "याला शिवण कुठाय?"

शिवण नव्हतीच. बटण नाही, नाडी नाही, हूक नाही, चेन नाही. डोक्यावरच्या टोपीपासून पायापर्यंत एकसंध जांभळा माणूस.

"मग हा आत शिरतो कुठून?"

याचं उत्तर घरातल्या कोणालाच देता आलं नाही. आजीला आणखी एक शंका होती, ती जंगलात तातडीची वेळ आल्यावर काय, या स्वरूपाची होती. ती इथे सविस्तर मांडत नाही, पण प्रश्न रास्त होता.

वडिलांचा खरा आक्षेप धंद्याचा होता. साच्यावर विणलेल्या कापडात उभा ताणा आणि आडवा बाणा असतो, त्यामुळे ते जागच्या जागी राहतं. ताणलं तर फाटेल, पण स्नायूंच्या वळणावर चढणार नाही. अंगाला असं चिकटून बसतं ते एकाच धाग्याचे फास एकमेकांत अडकवून केलेलं होजियरीचं कापड. म्हणजे बनियनचं. लायक्रा 1958 मध्ये निघाला, तोवर हे सगळे वीर वीस-वीस वर्षं नोकरी करून बसले होते. तेव्हा 1930 आणि 40 च्या दशकात दुष्टांचा नायनाट करत हिंडणारी ही मंडळी बनियनच्या कापडात हिंडत होती, यात शंका नाही. ज्या गिरणगावाने अर्ध्या देशाला धोतरं, लुगडी, मांजरपाट आणि चादरी पुरवल्या, त्याच्याकडून या वीरांनी कधी वारभर कापड घेतलं नाही. पहिला राग तिथला.

म्हणून क्रमवारीचा निकषही मी घरचाच ठेवला आहे. पोशाखात सूत किती, तो शिवता येतो का, धुता येतो का, आणि त्यातल्या कुठल्या वस्तूला काही काम आहे की नुसतीच शोभा. दिसायला कसा आहे हा मुद्दा शेवटी.

वेताळापासूनच सुरुवात करू, कारण त्याला नाराज करून या भागात राहता यायचं नाही. ली फॉकने 17 फेब्रुवारी 1936 ला त्याची रोजची चित्रपट्टी सुरू केली, रे मूर यांनी ती काढली, आणि ती काळी-पांढरी होती. फॉकच्या डोक्यात वेताळ करड्या रंगाचा होता. झाडीत, धुक्यात दिसू नये इतपत शहाणपण त्या रंगात होतं. मे 1939 मध्ये रविवारची रंगीत पुरवणी निघाली आणि छपाईवाल्यांनी त्याला जांभळा करून टाकला. पुढे इटलीत तो लाल झाला, स्वीडनमध्ये निळा. म्हणजे जगात कुठेही हा माणूस जंगलात लपू शकत नव्हता. शिवाय ते जंगल विषुववृत्ताकडचं. गळ्यापासून पायापर्यंत होजियरी घालून तिथे एक उन्हाळा काढला, तर वेताळ घराण्याच्या चारशे वर्षांच्या परंपरेला घामोळ्यांनी पूर्णविराम दिला असता.

तरी त्याच्या दोन गोष्टींना पैकीच्या पैकी गुण. एक, मुखवट्यातले बुबुळं नसलेले पांढरे डोळे. ग्रीक पुतळ्यांचे डोळे बघून फॉकला ते सुचले, आणि नंतर आलेल्या मुखवटेवाल्यांनी ते बिनदिक्कत उचलले. दुसरी गोष्ट, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. अख्ख्या पोशाखात वडिलांना मनापासून पटलेली वस्तू तेवढीच. "ही आपल्याकडची," ते म्हणायचे. गिरणगावातल्या कुठल्याही गॅलरीत दोरीवर तशी नाडीची चड्डी वाळत असायची. फरक इतकाच, की आमच्याकडे ती वरून घालून कोणी बाहेर पडत नव्हतं.

बाहेर पडल्यावर काय होतं ते आम्ही एका गणेशोत्सवात पाहिलं. मंडळाची वेशभूषा स्पर्धा होती. आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाने वेताळ व्हायचं ठरवलं. त्याच्या आईने त्याच्या वडिलांचं लांब बाह्यांचं बनियन आणि शाळेची पांढरी पीटीची पँट घेतली, स्टोव्हवर पातेल्यात पाणी उकळलं, पुडीचा जांभळा रंग टाकला, रंग पक्का बसावा म्हणून मूठभर मीठ टाकलं, आणि काठीने ढवळत बसली. रंग सुरेख चढला. कमरेला पट्टा, त्यावर पुठ्ठ्याची कवटी, डोळ्यांवर काळी पट्टी. पोरगं दृष्ट लागावी असं दिसत होतं. पण भाद्रपदात मांडवाच्या ताडपत्रीवर कोणी भरवसा ठेवू नये. नेमकी त्याची पाळी आली आणि ताडपत्रीचा एक कोपरा रिकामा झाला. वेताळ जागचा हलला नाही, हे त्याच्या कौतुकाचं. दोन्ही हात कमरेवर ठेवून तसाच उभा राहिला, आणि त्याच्या पायांशी स्टेजवर जांभळं तळं साचत गेलं. पहिला नंबर तुकारामाला गेला. तुकाराम सुती धोतरात होता आणि कोरडा होता. वेताळ मात्र विसर्जनापर्यंत गळ्यापासून पोटापर्यंत जांभळा राहिला. फॉकने काढला नाही तेवढा अस्सल.

सुपरमॅनचं प्रकरण जरा वेगळं. जेरी सीगल आणि जो शूस्टर या क्लीव्हलंडच्या दोन पोरांनी तो उभा केला आणि जून 1938 च्या अंकात तो मोटार डोक्यावर घेऊन आला. चड्डी बाहेर का, या प्रश्नावर आपल्याकडे तीन पिढ्या हसत आल्या आहेत. पण उत्तर सोपं आहे. तेव्हाचे सर्कशीतले पैलवान तंग विजारीवरून तशीच चड्डी घालत, आणि ताकदवान माणूस म्हटलं की वाचकाला तोच वेष आठवे. हे आपल्याला तरी सांगायला नको. विष्णुपंत छत्र्यांनी 1880 मध्ये ग्रेट इंडियन सर्कस काढली तेव्हापासून महाराष्ट्राला तंबूतला पोशाख पाठ आहे, आणि लालबाग-परळच्या व्यायामशाळांत मल्लखांबावर चढणाऱ्या पोराला जांगियाचं कारण कोणी विचारत नाही. सुपरमॅनच्या मालकांनाच मध्ये लाज वाटली. 2011 मध्ये त्यांनी ती लाल चड्डी काढून टाकली, 2018 मध्ये परत घातली. लाल चड्डीवाचून तो नुसताच निळा माणूस दिसत होता.

त्याची पाठीवरची झूल मात्र आमच्याकडे एकमताने पसंत. शूस्टरने ती घातली कारण उड्या आणि धावणं स्थिर चित्रात दाखवायचं तर काहीतरी फडफडायला हवं. म्हणजे झुलीला काम होतं. शिवाय ते साधं सरळ विणलेलं कापड. माप घ्यायला नको, काजं-बटणं नकोत, आणि निवृत्त झाल्यावर खिडकीला पडदा होतो. गंमत अशी, की 1952 मध्ये तो अमेरिकेत टीव्हीवर आला तेव्हा चित्रीकरण काळं-पांढरं होतं, म्हणून जॉर्ज रीव्हज या नटाला सुरुवातीला चक्क तपकिरी आणि करड्या रंगाचा पोशाख दिला होता. लाल-निळा लोकांनी मनाने भरून घेतला. या लाल-निळ्या-पिवळ्याचं मूळही छापखान्यातच आहे. भरड वर्तमानपत्री कागद, चार शाया आणि ठिपके. त्यात जे रंग ठसठशीत उठायचे ते नायकांना गेले, आणि उरलेला हिरवा-जांभळा बहुधा खलनायकांच्या वाट्याला आला.

बॅटमॅनबद्दल मला आदर आहे, आणि त्याहून जास्त आदर बिल फिंगरबद्दल. बॉब केनने 1939 मध्ये जो पहिला बॅटमॅन काढला त्याला लाल तंग कपडे होते, डोळ्यांवर छोटीशी पट्टी, आणि पाठीला दोन ताठ पंख. तसाच छापला असता तर तो रामलीलेतून पळून आलेल्या जटायूसारखा दिसला असता. फिंगरने त्याला कान असलेली टोपी दिली, पंखांच्या जागी कातरलेल्या काठाची झूल दिली, हातमोजे दिले आणि लाल काढून करडा-काळा रंग दिला. त्या रंगाला आमच्याकडे एक जुना सन्माननीय शब्द आहे, मळखाऊ. लोकलने कामाला जाणाऱ्या माणसाचा हा खरा रंग. रात्रपाळीचाही. वडिलांनी बॅटमॅनकडे बघून मान डोलावली ती एवढ्यासाठीच. फिंगरचं नाव निर्माता म्हणून अधिकृतपणे छापून यायला 2015 उजाडलं. तोपर्यंत त्याला जाऊन चाळीस वर्षं झाली होती. कपडे करून देणाऱ्याचं नाव मागे राहणं ही रीत सगळीकडे सारखीच.

बाकीच्यांना फार वेळ देत नाही. कॅप्टन अमेरिका 1941 चा. झेंडा अंगावर शिवून घेतला की तो कुठे वाळत घालायचा हा प्रश्न येतो, आणि गॅलरीत घातला तर चौकशी होते. त्याची ढाल पहिल्या अंकात वरून सपाट आणि खाली टोकदार होती. दुसऱ्या एका कंपनीच्या वीराशी ती जुळते अशी तक्रार आली, म्हणून दुसऱ्या अंकापासून गोल झाली. फायदाच झाला, गोल ढाल फेकली की परत येते. 1940 चा पहिला ग्रीन लँटर्न म्हणजे लाल सदरा, हिरवी विजार आणि जांभळी झूल. हा माणूस कटपीसच्या दुकानातून उठून थेट दुष्टांशी लढायला गेला असावा. वंडर वुमन 1941 च्या अखेरीस आली. सोनेरी गरुडाच्या आणि चांदण्यांच्या त्या पोशाखात सगळं आहे, खांद्यावरचा पट्टा तेवढा नाही. भाऊच्या धक्क्यावर पहाटे मासळीच्या पाट्या उचलणारी बाई घट्ट काष्ट्याच्या लुगड्यात वाकते, चढते, भांडते आणि वेळ पडली तर हातही उगारते, आणि पदर जागचा हलत नाही. पट्ट्याविना मारामारीला निघालेल्या बाईला तिने काय सुनावलं असतं याची कल्पना करावी.

एकाला मात्र वडिलांनी वेगळा मान दिला, तो 1939 चा सँडमॅन. कोट, पँट, हॅट, आणि तोंडावर वायूपासून बचाव करणारा मुखवटा. "हा एकटा गिरणीत काम केलेला दिसतो," ते म्हणाले. आम्ही हसलो. ते हसले नाहीत, खोकले. सुताची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेलेल्या माणसाला तो मुखवटा वेताळाच्या कवटीच्या अंगठीपेक्षा जास्त मोलाचा वाटला असणार.

आता घरचा मुद्दा. वेताळ 1936 चा, सुपरमॅन 1938 चा, बॅटमॅन 1939 चा. त्या सगळ्यांच्या आधी, 1935 मध्ये, कॉटन ग्रीनपासून चालत जाता येईल अशा परळमध्ये एक बाई मुखवटा लावून, गुडघ्यापर्यंत बूट चढवून, आखूड तंग विजार घालून, खांद्यावर झूल टाकून आणि हातात चाबूक घेऊन उभी होती. परळच्या लवजी कॅसलमध्ये जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया या भावांची वाडिया मूव्हीटोन होती. हीच जागा पुढे व्ही. शांताराम यांनी घेऊन राजकमल कलामंदिर उभं केलं. वाडियांच्या 'हंटरवाली'त अन्यायाचा सूड घेणारी राजकन्या होती आणि ती भूमिका केली नादियाने. ऑस्ट्रेलियात पर्थला 1908 मध्ये जन्मलेली मेरी इव्हान्स, लहानपणी मुंबईत आली, दुकानात नोकरी केली, सर्कशीत काम केलं, आणि मग ही नादिया झाली.

चित्रकथा नाही, चित्रपट आहे, असा आक्षेप येईल. मान्य. पण नातं बघा. शूस्टरने सुपरमॅनची ऐट घेतली डग्लस फेअरबँक्सच्या मूकपटांवरून, तोच फेअरबँक्स ज्याने 1920 मध्ये मुखवटेवाला झोरो केला. आणि जे. बी. एच. वाडिया फेअरबँक्सचे निस्सीम भक्त. म्हणजे सुपरमॅन आणि हंटरवाली एकाच घराण्यातले, आणि त्यात परळची ही ताई तीन वर्षांनी थोरली. वितरकांना ती सोनेरी केसांची, भरल्या अंगाची, गड्यांना उचलून फेकणारी बाई पचेना. लोकांना पचली. चित्रपट इतका चालला की बाजारात हंटरवालीच्या नावाचे पट्टे आणि चाबूक विकायला आले, आणि त्यांना वाडियांची परवानगी वगैरे कोणी घेतली नव्हती. अमेरिकेने ज्याला पुढे मालविक्रीचं शास्त्र म्हटलं, ते आपल्या फेरीवाल्यांनी आधीच उरकलं होतं.

माझ्या लेखी तिचं सगळ्यात मोठं बलस्थान निराळंच आहे. वेताळाला घाम आला नाही, सुपरमॅनची शिवण उसवली नाही, बॅटमॅनच्या बुटाने चावा घेतला नाही, कारण ते सगळे कागदावर होते. नादिया आपल्या उड्या आपणच मारायची. धावत्या गाडीच्या टपावर, घोड्यावर, झुंबरावर. तिचे कपडे कोणीतरी खरोखर बेतले, कापले, शिवले, ते फाटले, परत टाचले, आणि संध्याकाळी कोणीतरी धुवायला नेले. सुपरहिरोच्या पोशाखाची इतकी कडक परीक्षा तोवर कुठेच झाली नव्हती.

पोशाखाचा विषय निघालाच आहे तर भानू अथैया यांचं नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. कोल्हापूरच्या राजोपाध्यांची ही मुलगी, 1983 मध्ये भारताला पहिलं ऑस्कर मिळवून देणारी, तेही वेशभूषेसाठी. चित्रपट कुठला, तर 'गांधी'. ज्याचा नायक उत्तरार्धात जवळजवळ पंच्यावरच आहे. झूल नाही, मुखवटा नाही, छातीवर अक्षर नाही, आणि तरीही जगात कुठेही नुसत्या बाह्यरेषेवरून ओळखू येणारा पोशाख. शंभर टक्के सूत, तेही हातचं. या माणसाला स्पर्धेत घेतलं तर बाकीच्यांनी अर्ज मागे घ्यावेत, म्हणून मी त्याला परीक्षकांत बसवलं आहे.

आणि शेवटी बहादूर. आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी काढलेला हा नायक डिसेंबर 1976 मध्ये इंद्रजालमधून आला. अंगात भगवट केशरी कुर्ता, खाली जीन्स. बस. मुखवटा नाही, कारण तोंड लपवायचं कारण नाही. त्याच्याकडे बघून वडिलांनी अंक खाली ठेवला आणि म्हणाले, "हा धुता येईल." त्यांच्या तोंडून याहून मोठी दाद मी ऐकली नाही. कुर्ता सुती, जीन्सही सुती, दोन्ही ताण्याबाण्याची, आणि लालबागच्या कुठल्याही टेलरने एका दिवसात शिवून द्यावी अशी. आमच्या भागातल्या कॉलेजच्या पोरांनी तो कुर्ता घातलाही. वेताळासारखे कपडे घालून कॉलेजला गेलेला मात्र कोणी माझ्या पाहण्यात नाही.

पुढे 1983 च्या सुमारास पुण्याच्या प्रताप मुळीकांनी अमिताभ बच्चनला 'सुप्रीमो' करून गुलाबी कपड्यांत आणि गॉगलमध्ये उतरवलं. त्या रंगात लपायला देशात एकच जागा होती, हिवाळ्यातली शिवडीची खाडी, जिथे फ्लेमिंगो उतरतात. तेवढ्या स्थानिक अभिमानापोटी त्याला एक गुण.

तर निकाल असा. पहिला क्रमांक परळच्या हंटरवालीला. दुसरा बहादूरला, सूत जास्त म्हणून. तिसरा बॅटमॅनला, पण पारितोषिक बिल फिंगरच्या नावाने. सुपरमॅनला झुलीसाठी उत्तेजनार्थ, सँडमॅनला वडिलांतर्फे विशेष. वेताळाला पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीचे पूर्ण गुण देऊनही तो चौथ्यावरच थांबतो, आणि याबद्दल काळाचौकीत मला कोणी बोल लावणार नाही, कारण तो स्टेज पुसायला आम्ही सगळेच होतो.

हा निकाल ज्यांना मान्य नसेल त्यांनी आपली यादी खुशाल करावी. फक्त प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहाव्यात. हा पोशाख धुवायचा कसा, आणि वाळत कुठे घालायचा.